समुद्राचा धनी कोण?

वाचकहो, पंढरीच्या वारकऱ्याने समुद्राची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. आपले तीर्थ चंद्रभागा, आपली वाट देहू-आळंदीची. समुद्र पडला तिकडे कोकणपट्टीला. आणि पट्टीचा माळकरी तर मासळीला शिवतही नाही. मग या मासिकाची पाने समुद्रासाठी का खर्ची घालावीत?

कारण असे की, इ. स. २०२६ च्या १७ जानेवारीपासून जगातील खुल्या समुद्राच्या रक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार अमलात आला आहे. वीस वर्षांच्या आसपास त्याची बोलणी चालली होती. २०२३ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क येथे तो संमत झाला, आणि साठ राष्ट्रांनी मान्यता देऊन १२० दिवस लोटल्यावर त्याला कायद्याचे बळ आले. वर्तमानपत्रात ही बातमी एका कोपऱ्यात आली आणि गेली. पण तिच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी विचारलेला आहे: जी वस्तू कोणा एकाच्या मालकीची नाही, तिच्या रक्षणाचे कर्तव्य कोणाचे? हा प्रश्न केवळ समुद्राचा नाही. गावच्या गायरानाचा आहे, नदीच्या पाण्याचा आहे, पंढरीच्या वाळवंटाचाही आहे. म्हणून त्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम समुद्राचा आणि आपला संबंध काय ते पाहू. आषाढात ज्या पावसात भिजत आपण वाट चालतो, तो पाऊस समुद्रातूनच उठून येतो. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने जन्मात समुद्र पाहिला नसेल, पण त्याच्या ज्वारीच्या कणसात हिंदी महासागराचे पाणी असते. जगातील प्राणवायूपैकी सुमारे निम्मा समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींमुळे उत्पन्न होतो असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आपला दर दुसरा श्वास समुद्राचा म्हटला तरी चालेल. माणसाने धूर सोडून जी जादा उष्णता पृथ्वीवर कोंडली, तिच्यातील शेकडा नव्वदच्या आसपास समुद्राने आपल्या पोटात घेतली आहे. तो हे घेत नसता तर आपले काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी! तेव्हा मासळी न खाणाराही समुद्राचा ऋणी आहे.

आता कायद्याची व्यवस्था थोडक्यात सांगतो. १९८२ साली राष्ट्रांनी समुद्राचा एक मोठा कायदा केला; तो १९९४ पासून लागू आहे. त्याप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचे राज्य. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, मासळी व खनिजे घेण्याचा हक्क त्या देशाचा. त्याच्या पलीकडे खुला समुद्र. तिथे कोणाचा राजा नाही, कोणाचा पाटील नाही. आणि हा खुला भाग थोडाथोडका नव्हे, एकंदर समुद्राचा जवळजवळ दोन-तृतीयांश आहे. त्यातील जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भागालाच आजवर खरे संरक्षण होते. बाकी सारे रान मोकळे.

आता पूर्वपक्ष मांडू.

पहिला पक्ष म्हणतो: समुद्र कोणाचाच नाही, म्हणून ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. हा पक्ष ह्यूगो ग्रोशियस नावाच्या डच पंडिताने १६०९ साली ग्रंथरूपाने मांडला. तेव्हा त्याला कारणही तसे होते. पोर्तुगीज लोक हिंदी महासागरच आपला म्हणत. आमच्या किनाऱ्यावरच्या गलबतांनासुद्धा त्यांचा परवाना, ज्याला ‘कार्ताझ’ म्हणत, तो घेतल्यावाचून फिरता येत नसे. अशा वेळी समुद्र सर्वांना मोकळा आहे असे म्हणणे हे न्यायाचेच बोलणे होते. एक जहाज गेल्याने दुसऱ्याची वाट झिजत नाही, हेही खरे. पण वाटेने जाणे निराळे आणि वाटेवरची झाडे तोडून नेणे निराळे. शिडाच्या होड्या जाऊन वाफेची जहाजे आली, यंत्राचे भाले आले, तेव्हा या ‘मोकळ्या’ शब्दाचा अर्थ काय होतो ते दिसले.

देवमाशांचे उदाहरण घ्या. विसाव्या शतकात माणसाने सुमारे २९ लक्ष देवमासे मारले. त्यांच्या चरबीचे तेल निघे, त्याचा साबण होई, लोणी म्हणून खाण्याचा पदार्थ होई. मासे संपत चालले हे ध्यानात आल्यावर १९४६ साली राष्ट्रांनी करार करून आयोग नेमला. पण आयोगाने केले काय? दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात सर्वांनी मिळून वर्षाला इतकेच मारायचे असा एकूण आकडा ठरवला, आणि कोणी किती हे ठरवले नाही. मग काय होणार? आकडा भरायच्या आत आपला हात मारून घ्यावा म्हणून जहाजांची शर्यतच लागली! पंक्तीत वाढप्याच्या हातातून पातेले ओढावे तसे. त्यातही खोटे. सोव्हिएत जहाजांनी १९४८ ते १९७३ या काळात दक्षिण गोलार्धात २,७१० कुबडे देवमासे मारले म्हणून कळवले. प्रत्यक्षात मारले ४८,००० च्या वर. ही गोष्ट १९९३ साली त्यांच्याच देशातील अलेक्सेइ याब्लोकोव्ह या शास्त्रज्ञाने जगापुढे आणली, तेव्हा समजली. तोवर जगाचे हिशेब त्या खोट्या आकड्यांवर चालले होते. ‘कोणाचेच नाही’ या पक्षाचा असा शेवट आहे.

दुसरा पक्ष म्हणतो: हे दुखणे मालक नसल्याचे आहे. मालकी लावून द्या, म्हणजे ज्याचा तो जपेल. वरवर पाहता हे पटते. आपल्या शेताला माणूस कुंपण घालतोच. पण याचाही अनुभव घेऊन झाला आहे. कॅनडा देशात न्यूफाउंडलंड म्हणून मुलूख आहे. त्याच्यालगतच्या समुद्रात कॉड नावाच्या मासळीचे अपार धन होते. चारपाचशे वर्षे युरोपातले लोक तिथे येऊन ती नेत. परदेशची मोठमोठी जहाजे येऊन समुद्र उपसू लागली, तेव्हा १९७७ साली कॅनडाने २०० मैलांची हद्द घातली आणि परक्यांना बहुतेक बाहेर काढले. झाले, मालकी आली! मग मासळी वाचली का हो? नाही. मालकानेच आपली मोठी जहाजे बांधली, आपल्याच शास्त्रज्ञांनी साठा फार मोठा म्हणून मोजला, किनाऱ्यावरचे छोटे कोळी मासळी मिळत नाही म्हणून ओरडत होते त्यांचे कोणी ऐकले नाही. २ जुलै १९९२ रोजी ती मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मासळी पूर्वपदावर आलेली नाही.

येथे अगस्तींची कथा आठवते. समुद्रात लपलेले कालेय दैत्य उघडे पडावेत म्हणून अगस्तींनी समुद्र प्राशन केला. देवांचे काम झाले. मग देव म्हणाले, महाराज, आता पाणी परत सोडा. तेव्हा मुनी म्हणाले, ते तर पचले! समुद्र पुन्हा भरायला भगीरथाचा जन्म व्हावा लागला. सगर, अंशुमान, दिलीप, भगीरथ. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. अगस्तींचा हेतू तरी लोककल्याणाचा होता. आपण काय हेतूने पितो, ते ज्याचे त्याने पाहावे. पिणे ओंजळीचे काम आहे, भरणे पिढ्यांचे.

म्हणजे ‘कोणाचाच नाही’ म्हटले तरी नाश, ‘माझा’ म्हटले तरी नाश. मग सिद्धांत काय?

जैमिनींच्या पूर्वमीमांसेत सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादात विश्वजित् यागाचा विचार आला आहे. या यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. तेथे शंका काढली आहे की, सर्वस्व म्हणजे जे जे ‘माझे’ ते सारे. तर मग आईबापांचेही दान करावे काय? आणि यजमान सार्वभौम राजा असला, तर त्याने सारी पृथ्वी द्यावी काय? लहानपणी पाठशाळेत हे अधिकरण शिकताना पोरांना हसू येते. पण शंका पोरकट नाही. उत्तर असे दिले आहे की, आई माझी आणि गाय माझी, शब्द एकच, अर्थ दोन. गाईवर माझे स्वामित्व आहे, आईशी माझे नाते आहे. नात्याची वस्तू देता येत नाही, कारण ती मालकीची नव्हे. आणि पृथ्वीही देता येत नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे. राजाला राज्य आहे याचा अर्थ एवढाच की, रक्षण करणे हे त्याचे काम आणि त्याबद्दल कराचा भाग हे त्याचे वेतन. भूमीचा धनी तो नव्हे. केवढा मोठा विचार आहे हा! जे सर्वांना सारखे आहे, त्याच्याबाबतीत अधिकार म्हणजे राखणदारी. भोगाचा वाटा राखणदारीच्या मागून.

दुसरे एक प्रमाण धर्मशास्त्रातील जलाशयाच्या उत्सर्गाचे. पूर्वी कोणी तळे खोदले, विहीर बांधली, तर तिचा विधिपूर्वक उत्सर्ग करीत. म्हणजे माणसे, गुरे, पाखरे, सर्व भूतांसाठी ते पाणी सोडून देत. हे दान नव्हे. दानात घेणारा ठरलेला असतो आणि देणाऱ्याचा संबंध तुटतो. उत्सर्गात घेणारे सगळेच. आणि खोदणाराही त्या सगळ्यांतलाच एक म्हणून त्या तळ्याचे पाणी पिऊ शकतो, धनी म्हणून नव्हे. ‘कोणाचेच नाही’ आणि ‘सर्वांचे आहे’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे तो हा. कोणाचेच नाही म्हटले की कोणीही नासवावे. सर्वांचे म्हटले की, मी घेईन तेव्हा बाकीच्या सर्वांना विचारून, सर्वांसाठी राखून घेतले पाहिजे.

नवलाची गोष्ट अशी की, आजचे जग चाचपडत याच विचाराशी आले आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा या चिमुकल्या बेटाचे वकील आर्व्हिद पार्दो संयुक्त राष्ट्रांच्या सभेत उभे राहिले आणि म्हणाले की, राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा समाईक वारसा मानावा. बलाढ्य राष्ट्रांत एवढासा देश, पण त्याचा शब्द १९८२ च्या कायद्यात बसला. तेव्हा तो समुद्रतळातील खनिजांपुरताच बसला होता. आता नव्या करारात खुल्या समुद्राची जुनी मोकळीक आणि समाईक वारसा, ही दोन्ही तत्त्वे शेजारी शेजारी लिहिली आहेत. श्रीमंत राष्ट्रांचा ओढा पहिल्याकडे, गरिबांचा दुसऱ्याकडे; शेवटपर्यंत ओढाताण झाली. दोन्ही ठेवून करार झाला. तंटा पुरता मिटला असे आम्ही म्हणत नाही. पण पूर्वी पहिलेच तत्त्व होते, आता त्याला दुसऱ्याचा लगाम लागला.

करारात मुख्य गोष्टी चार. खुल्या समुद्रातील काही भाग राखून ठेवता येतील, आणि एकमत न झाले तर तीन-चतुर्थांश मतांनी तसा ठराव करता येईल. तिथे मोठे काम आरंभण्यापूर्वी त्याने काय हानी होईल याची चौकशी करावी लागेल. समुद्रातील जीवांपासून औषधे वगैरे निघाली, तर त्याच्या लाभात सर्वांना वाटा. आणि ज्या देशांपाशी विद्या व साधने नाहीत, त्यांना ती द्यायची. भारताने या करारावर २०२४ च्या सप्टेंबरात सही केली आहे.

आता कोणी म्हणेल, बुवा, कागदावर सह्या झाल्या म्हणून समुद्रात कोण राखण करणार? तिथे शिपाई नाही, चावडी नाही. आणि दुसरा लुटत असताना मी एकट्याने संयम पाळला तर मूर्ख मीच ठरणार.

आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. जहाज कुठे आहे हे कळवणारे यंत्र मोठ्या जहाजांवर असते. चोरटी मासेमारी करणारे ते यंत्र बंद करून अंधारात शिरतात. तरीही हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. त्याच देवमाशांच्या आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला, तो १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाला. नॉर्वे व आइसलंड यांनी तो पुरता मानला नाही, जपान २०१९ साली आयोगातूनच बाहेर पडला. म्हणजे पाळणारे सगळे नव्हते. पण पुष्कळ होते. त्याचे फळ काय? ब्राझीलकडच्या समुद्रात कुबडे देवमासे एके काळी सुमारे ४५० उरले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते २५,००० च्या घरात गेले असल्याचे आढळले. एकादशी साऱ्या गावाने धरली नाही म्हणून ज्यांनी धरली त्यांची फुकट जात नाही. उपवास करणाऱ्यामागे दाराशी शिपाई बसलेला नसतो. गळ्यात माळ घालताना जो नेम आपण घेतो, त्याचा साक्षी आत असतो; बाहेरचा पहारा नंतरचा. कायदा हवाच, पण कायद्याला पाय फुटतात ते नेमाने.

आमच्या कोकणातले कोळी बांधव हे फार पूर्वीपासून जाणतात. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा, मग जाळे टाकायचे. वादळाचे भय हे कारण होतेच. पण तोच मासळीच्या विणीचा काळही असतो. आज सरकारने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी पश्चिम किनाऱ्यावर घातली आहे, ती जुन्या चातुर्मासाचीच राजमुद्रा लावलेली आवृत्ती म्हणावी.

दुसरा आक्षेप न्यायाचा. मोठ्या राष्ट्रांनी सरकारी पैसा ओतून जहाजे बांधली, साता समुद्रांपलीकडे जाऊन मासळी उपसली. आणि आता आमच्या लहान होडीवाल्याला उपदेश? हे बोलणेही खोटे नाही. मासेमारीला हानिकारक होणारी सरकारी मदत आवरण्याचा एक करार २०२२ साली जिनिव्हा येथे झाला व १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. त्याच्या बोलण्यांत भारताने गरीब देशांतील लहान मच्छीमारांसाठी दीर्घ सवलत मागितली होती. ती मागणी न्यायाची आहे असे आम्हांस वाटते. पंक्तीत ज्याने आधीच चार लाडू खाल्ले, त्याने उपाशी माणसाला मिताहाराचे निरूपण सांगू नये. पण त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, पूर्वी त्याने लुटले म्हणून आता लुटायची पाळी माझी, असा न्याय धर्मशास्त्रात कुठे नाही.

आणि आपल्या देशावरही ही कसोटीची वेळ येणार आहे. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी बटाट्याएवढे धातूंचे गोळे पडलेले आहेत. त्यांत निकेल, कोबाल्ट, तांबे असते. त्यांचा शोध घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाकडून भारताला ७५,००० चौरस किलोमीटरचा भाग मिळालेला आहे. हे गोळे दहा लक्ष वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. एकोणीसशे सत्तरच्या दशकात पॅसिफिक महासागरात यंत्रे फिरवून परीक्षा घेतली, तेव्हा तळावर पडलेल्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही तशाच दिसल्या. देशाला धातू हवेत हे कोण नाकारील? पण उचलण्यापूर्वी विचारावे की, आपण राजाच्या नात्याने उचलतो आहोत, की विश्वजित् यागात आईचे दान करायला निघालो आहोत? परक्याला विचारलेला प्रश्न आपल्याला विचारता आला, तरच तो धर्माचा प्रश्न.

आता शेवटची गोष्ट, आणि ती थेट आपल्या दारातली. समुद्रमंथनात बाकीच्या रत्नांना धनी मिळाले, हलाहलाला मिळेना. आज प्लास्टिकचे तसेच झाले आहे. वस्तू सर्वांना हवी, विष कोणालाच नको. २०२२ च्या मार्चमध्ये नैरोबीत राष्ट्रांनी ठरवले की प्लास्टिकच्या प्रदूषणाविरुद्ध करार करायचा. २०२४ साली कोरियात बुसान येथे बैठक मोडली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथेही मोडली. इकडे २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एक मालवाहू जहाज बुडाले आणि प्लास्टिकचे बारीक मणी साबुदाण्यासारखे केरळच्या किनाऱ्यावर पसरले. तेथील लोकांनी वाळू चाळून ते वेचले. हलाहल असे कोणाच्या तरी ओंजळीत येतेच.

पण समुद्रात जाणारे सारेच विष जहाजातून जात नाही. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण पाहिलेला आहे. कारखान्यांचे आणि शहरांचे ते सांडपाणी. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. पुढे रायचूरजवळ कृष्णेत जाते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. माउलींच्या पायाशी जे सोडले, ते पांडुरंगाच्या पायावरून समुद्रात जाते. आणि वारी उठल्यावर वाळवंटात पडलेल्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, पिशव्या? त्या काय परदेशच्या जहाजांनी टाकल्या? वाळवंट कोणाचे, असे विचारले तर आपण सारे म्हणतो, पांडुरंगाचे. म्हणजे ‘कोणाचेच नाही’ अशाच अर्थाने म्हणतो की काय, हे मनाशी तपासावे.

तात्पर्य, खुल्या समुद्राचा करार आपल्यावाचून झाला आणि आपल्यावाचून चालेलही. परंतु त्याच्या मुळाशी जे तत्त्व आहे, ते आपल्यावाचून चालणार नाही. सर्वांचे ते पहिल्याने माझ्या राखणीचे, एवढेच ते तत्त्व. ते न्यूयॉर्कला सह्यांनी पाळायचे, तर पंढरीला ताट-वाटी घरून आणून पाळायचे. येत्या आषाढीला दिंडीच्या वीणेकऱ्याने आणि चोपदाराने आपल्या दिंडीपुरता हा नेम जाहीर करावा: तळ हलला की मागे काही राहता कामा नये, आणि नदीत काही जाता कामा नये. गावी परतल्यावर गावचे सांडपाणी कोणत्या ओढ्यात जाते, हे ग्रामपंचायतीत उभे राहून विचारावे. ओढ्याचे पाणी समुद्राला पोहोचायला आपल्याला विचारीत नाही. आपण मात्र ते सोडण्यापूर्वी समुद्राला विचारले पाहिजे. ज्याने शेषशायी होऊन समुद्रात शयन केले, तोच विटेवर उभा आहे. त्याचे अंथरूण आपण कसे ठेवतो, हे तो पाहतच असेल.

रामकृष्णहरि.